मधलं पाणी

मित्रांनो, मला एकच शब्द येतो : टक्. जन्मापासून आजवर मी दुसरा शब्द बोललो नाही. तेव्हा मी एवढी लांबलचक गोष्ट सांगायला बसलो याचं तुम्हाला नवल वाटेल. पण उद्या माझी नळी काढणार आहेत. नळी गेली की तो एक शब्दही गेला. म्हणून आजच सांगून टाकतो.

दिसायला मी अगदी साधा. जाड पांढऱ्या प्लास्टिकचा ठोकळा, त्याच्या पोटात धातूची एक लांब नळी, वर मूठ, एक काटा आणि एक छोटा भोंगा. बंदरावर नव्याने आलेली माणसं विचारत, "हे काय, बर्फाचा डबा?" कारखान्याने मला दिलेलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. बंदरावर मी टकटक्या झालो आणि टकटक्याच राहिलो.

माझ्या नळीत एक वायू कोंडलेला आहे. हेलियमच, पण फुग्यातला नव्हे, त्याचा दुर्मिळ धाकटा भाऊ. त्याला एकच वेड. न्यूट्रॉन नावाचा कण हाताशी आला की तो त्याला धरतो, आणि त्याने धरला की मी म्हणतो, टक्. हे कण भलतेच वेगाने पळतात. तसा पळता कण माझ्या वायूच्या हाती सहसा लागत नाही, म्हणून माझ्या अंगावर हा प्लास्टिकचा जाड कोट. कण त्यात शिरतो, धडका खातो, दमतो, आणि दमलेला चोर सापडावा तसा सापडतो.

थोडे न्यूट्रॉन सगळीकडेच असतात. आभाळातून येणारे किरण हवेवर आपटतात आणि ते उडवतात. मोकळ्या मैदानात मला ठेवलंत तर मी एकदा टक् म्हणेन, बराच वेळ गप्प बसेन, मग पुन्हा टक्. पण प्लुटोनियमसारख्या काही धातूंमधून हे कण सतत बाहेर पडत असतात. असला धातू कुणी चोरला तर चोर तो शिशाच्या पेटीत लपवतो, कारण बाकीचे किरण शिशाला हरतात. न्यूट्रॉन मात्र शिशाला भीक घालत नाही. त्याला अडवतं ते पाणी, मेण, प्लास्टिक. एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

मला वापरणाऱ्या माणसाला मी बाबा म्हणणार आहे. त्यांचं दुसरं नाव मला ठाऊक नाही असं नाही, पण त्यांच्या मुलीच्या तोंडून मी हेच पहिल्यांदा ऐकलं. शाळेला सुट्टी होती म्हणून ती त्यांच्याबरोबर मोजणीच्या खोलीत आली होती. आली ती थेट माझ्यावर ओणवी झाली.

"मागे हो," बाबा म्हणाले.

"का? चावतो का हा?"

"चावत नाही, पण तू त्याला फसवतेस. माणूस म्हणजे पाण्याचा घडा. जवळ उभं राहिलं की इकडचे तिकडचे कण आपल्यावर आपटून याच्याकडे जातात. मध्ये उभं राहिलं की आपणच ते अडवतो. खरं ऐकायचं असेल तर घड्यांनी लांब राहायचं."

"मी पण घडा?"

बाबांनी तिला खालून वर न्याहाळलं. "तू कसली घडा? तू लोटी."

"आणि आई?"

"आई रांजण. पण हे घरी बोलायचं नाही."

घरी ते बोललं गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात पोळ्या होत्या आणि भाजी नव्हती. लोटी हे नाव मात्र तिला कायमचं चिकटलं.

घड्यांनी लांब राहायचं, हा नियम बाबांनी स्वतःलाही लावला होता. त्यांनी माझ्यासाठी एक लहान गाडी बनवून घेतली होती. तिचा दांडा चांगला लांब होता. ते मला गाडीवर ठेवत, हवं तितकं उंच करत आणि दांड्याच्या टोकाशी उभे राहत. ना एक पाऊल पुढे, ना एक पाऊल मागे. त्यांचं अंतर कधी बदललं नाही. कुणी उत्सुकतेने पुढे आलंच तर ओरडत, "जरा मागे व्हा, घडे!" हमाल लांबूनच उत्तर देत, "घडे भरलेत काका, रिकामे करायलाच चाललोत!" आणि मुतारीकडे पळत.

माझं एक दुखणं होतं. नळीला जिथे तार जोडतात, त्या प्लगमध्ये दमट हवेने ओल धरली की मी उगाचच टकटकायला लागे. एकदा दाट धुक्यात मी बटाट्यांच्या ट्रकवर असा गहजब केला की अर्धा दिवस बंदर बंद ठेवावं लागलं. सगळे बटाटे जमिनीवर ओतले. निघाले ते बटाटेच. तेव्हापासून बाबा मला लावण्यापूर्वी प्लग सदऱ्याच्या टोकाने पुसत. आणि मी जरा जास्त बोललो की माणसं म्हणत, "टकटक्याला सर्दी झाली वाटतं."

ती सकाळही धुक्याचीच होती.

बोट धक्क्याला लागली होती. तिच्या पोटात गाड्या चढत होत्या. फाटकातून एक बसक्या तोंडाचा ट्रक आला. मागे एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी यंत्रं, दोरखंडांनी आवळलेली. चालकाच्या शेजारी त्याची बायको होती, आणि दोघांच्या पाठीमागे, झोपायच्या फळीवर, त्यांची मुलगी झोपलेली. तिघांचं घरच ते. सीटला भांड्यांची पिशवी टांगलेली होती आणि काचेला आतून लहान हाताचे ठसे.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच खांब आहेत, किरण ओळखणारे; न्यूट्रॉन तेव्हा त्यांना कळत नसत. ते गप्प राहिले. ट्रक सुटलाच होता. पण जड लोखंडाचा माल असला की बाबा मला घेऊन एक फेरी मारतच. त्यात ते चालकाची केबिनही सोडत नसत. "केबिनीत काय माल असतो?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "तिथे माणूस बसतो."

मागच्या बाजूला मी थोडा जास्त बोललो. त्यात विशेष काही नव्हतं. लोखंडाचा मोठा ढीग आभाळातले किरण झेलतो आणि स्वतःचेही चार कण उडवतो. बाबा त्याला म्हणत, लोखंड पुटपुटतंय. दोन्ही कडांनाही ते तसंच पुटपुटलं. मग बाबांनी मला ट्रकच्या पुढे आणलं, काचेच्या उंचीला चढवलं आणि मागे सरकले.

टक्. टक् टक्. टक्. टक् टक् टक्.

बाबांनी काट्याकडे पाहिलं, मग मागच्या मालाकडे, मग पुन्हा काट्याकडे. लोखंड सगळं मागे होतं. इथे पुढे तर आवाज उतरायला हवा होता.

चालकाने काच खाली केली. "दादा, बोट सुटतेय. काय म्हणतो तुमचा डबा?"

"बोलू दे त्याला जरा," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. पण दांड्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला होता. तो मला लाकडातून जाणवला.

फाटकाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या आल्या, ऐकलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा बटाटे?"

"नाही बाई. लोखंड मागे आणि आवाज पुढे. असं होत नाही."

"धुकं आहे."

"प्लग पुसलाय."

"पुसून सर्दी जाते होय?" त्या चिडल्या नव्हत्या, विचार करत होत्या. "हे बघा. हा खरं बोलत असेल तर मला सगळा धक्का रिकामा करायला हवा. बोटीवर शेकडो माणसं आहेत, पळापळ झाली तर पाण्यात पडतील. ड्रायव्हर यात सामील असेल तर किल्ली त्याच्या हातात आहे. आणि हा खोटं बोलत असेल, तर पुढच्या वेळी तुमचं न् माझं कुणी ऐकणार नाही."

"आत पोर झोपलंय, बाई."

"दिसलं मला. म्हणूनच विचारते. खात्री कशी करायची?"

बाबांनी प्लग काढला, फुंकर मारली, पुसला, पुन्हा बसवला. मी तसाच बोलत राहिलो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की आज मला ओल लागलेली नाही, आज मी शुद्धीवर आहे. पण मित्रांनो, खरं सांगायलाही टक् आणि खोटं सांगायलाही टक्. ज्याच्याजवळ एकच शब्द आहे त्याने शपथ कशी घ्यावी?

बोटीचा भोंगा वाजला. चालकाने किल्लीला हात घातला.

"इंजिन राहू द्या बंद!" मोठ्या बाई म्हणाल्या. मग बाबांकडे वळून एकदम थांबल्या. "तुम्ही आम्हाला रोज घडे म्हणून हाकलता ना? का?"

"मध्ये आलात तर अडवता म्हणून."

"मग अडवू की! ओल प्लगमध्ये असेल तर पुढ्यात काय ठेवलंय ते तिला काय कळणार? हा तसाच बोलत राहील."

बाबांनी लगेच उपाहारगृहाकडे वळून हाक मारली, "टेबल आणा! आणि पिण्याच्या पाण्याचे जार, असतील तेवढे!"

चालक खाली उतरला. बोट चुकेल या धास्तीने त्यानेच दोन जार खांद्यावर आणले. "डब्याला तहान लागलीय होय?" त्याची बायकोही खाली उतरून पदराने तोंड पुसत उभी राहिली. "तहान कसली, आंघोळ घालताहेत त्याला. आपल्याला चार दिवस मिळाली नाही, आणि डब्याला बघा." चालक हसला. बाबा हसल्यासारखे झाले. मोठ्या बाईंनी मात्र नजर काचेवरून हलवली नाही.

माझ्या आणि ट्रकच्या मध्ये टेबल आलं. टेबलावर जारांची भिंत उभी राहिली, एकावर एक.

टक्.

सगळे थांबले होते.

टक्.

"काढा," बाबा म्हणाले.

जार उतरवले. टक् टक्. टक् टक् टक्.

"पुन्हा ठेवा."

पुन्हा भिंत. पुन्हा मी जवळजवळ गप्प. चालकाचं हसू आता ओठांवर अडकून राहिलं होतं, पुढे जाईना, मागे येईना.

"बस्स," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या चालकापाशी गेल्या आणि शेजारणीने बोलावं तशा बोलल्या, "चला, कचेरीत बसू. किल्ली द्या माझ्याकडे."

"आणि बोट?"

"बोट थांबेल."

बोट कुणासाठी थांबत नाही, हे त्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. चालकाने किल्ली दिली. वर मागच्या दोरखंडांकडे बोट करून म्हणाला, "सोडू का?" सामील असलेला माणूस स्वतःहून माल सोडून दाखवायला निघत नाही, असं बाबा नंतर म्हणाले. खरं खोटं मला माहीत नाही, मला माणसं वाचता येत नाहीत.

मधले जार बाजूला केले होते, पण मला बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी बोलत होतो. बाबा चालकाच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, पोरीला खाली घ्या."

"अहो, गाडी लागते तिला. उलट्या करून करून आत्ता कुठं डोळा लागलाय. तुमचं काय तपासायचं ते तपासा, तिला कशाला उठवता?"

बाबांकडे सांगण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं काहीच त्या धक्क्यावर मोठ्याने बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, "माझीही एक आहे. एवढीच. उठून रडली तर मी गप्प करतो तिला. पण आधी घ्या."

ती बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काही न विचारता वर चढली. फळीवरून तिने मुलीला उचललं, पांघरुणासकट, आणि दारातून बाबांच्या हातात दिलं. बाबा मुलीला घेऊन लांब, कडेच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

आणि मी जास्त बोलायला लागलो.

टक् टक् टक् टक्. टक् टक्. टक् टक् टक्.

ट्रक तोच होता. मी तिथेच होतो. फरक फक्त एवढाच की फळी रिकामी झाली होती. मघापासून माझ्या आणि त्या लपवलेल्या वस्तूच्या मध्ये एक लहानसं पाणी झोपलेलं होतं. ते आपल्या अंगावर कण झेलत होतं, आणि ते झेलत होतं म्हणून मला कमी ऐकू येत होतं.

मुलीची आई बाबांच्या मागोमाग भिंतीशी पोचली होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "आता का जास्त वाजतंय?"

बाबांनी मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. ती आईच मग हळूहळू माझ्याकडून ट्रककडे, ट्रककडून मुलीकडे बघत गेली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

पुढचं काम अंगभर पोशाख घातलेल्या जाणकारांनी केलं. धक्का शांतपणे रिकामा झाला, कुणी पाण्यात पडलं नाही. केबिनला लागून ठेवलेल्या एका जुन्या यंत्राच्या पोटात त्यांना शिशाची पेटी सापडली, आणि पेटीत पोलादाची नळी. तिच्यात प्लुटोनियम होतं, त्यातून कणांचा मारा चालू राहील अशा दुसऱ्या धातूत मिसळलेलं. कुठल्यातरी प्रयोगशाळेतून ते चोरीला गेलं होतं. चोर अडाणी नव्हते. पेटीच्या मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना त्यांनी मेणाचे जाड थर लावले होते. पुढच्या बाजूला थर मावत नव्हता. तिकडे केबिनच होती, तिकडून कोण तपासतंय, असा त्यांनी विचार केला असावा. उघडी बाजू त्या फळीकडे होती.

चालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. माल आदल्या दिवशीच भरला होता आणि अजून किती तरी दिवसांचा रस्ता बाकी होता. डॉक्टरांनी मुलीला पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं. अगदी वेळेत बाहेर काढलीत, असं ते म्हणाले. बाबांनी हे वाक्य मोठ्या बाईंकडून इतक्यांदा वदवून घेतलं की शेवटी त्या म्हणाल्या, "आता भिंतीवर लिहून ठेवू का?"

तो चालक नंतरही त्या वाटेने येत असे. फाटकात शिरला की सांगायच्या आत ट्रकचं तोंड माझ्याकडे करून थांबे आणि म्हणे, "दादा, आधी पुढून." पोरगी खिडकीतून ओरडे, "मी उतरू का, घडेकाका?"

ते माझे मानाचे दिवस होते. माणसं माझा फोटो काढायला येत, मला हात लावून बघत आणि बाबांच्या शिव्या खात. मग नवी यंत्रं आली. फाटकाच्या खांबांमध्येच ती बसवली, आणि त्यांना ना दांडा लागतो ना फेरी. मला सामानाच्या खोलीत, रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलं. त्या खोलीच्या भिंतींना ओल आहे. बाबा निवृत्त झाल्यावरही अधूनमधून येत, माझ्या पेटीतली ओल शोषणारी पुडी बदलत, प्लग पुसत. "काय रे टकटक्या, सर्दी नाही ना?" एवढंच विचारत. नंतर त्यांचं येणं थांबलं. पुडी भिजली ती भिजलीच. कधी कुणी मला तपासायला चालू करी, तेव्हा सगळं ठीक असे. पण माझ्या नेहमीच्या शांततेत काहीतरी कमी भरत होतं. काय ते मला कळत नव्हतं.

आज दुपारी दार उघडलं. पुढे मोठ्या बाई होत्या, केस पिकलेले. मागे एक बाई होती. तिला मी तिच्या उभं राहण्यावरून ओळखलं. लोटी.

"त्यांची टोपी आणि कप इथेच राहिलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला यायला जमलं नाही गं तेव्हा. फार त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच गेले. हृदय." ती कपाच्या कानावरून अंगठा फिरवत राहिली. "आईला सकाळी कळलं. चहा ठेवून हाक मारायला गेली तेव्हा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "याचीही नळी उद्या काढताहेत. तो वायू आता मिळत नाही कुठे. नव्या यंत्रात भरतील."

"एकदा लावू?"

तिने मला गाडीवर ठेवलं, बाहेर मोकळ्यावर आणलं. पेटीतली भिजकी पुडी काढून टाकली. ओढणीच्या टोकाने प्लग पुसला, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. मला चालू केलं. आणि कुणी न सांगता मागे सरकत दांड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

टक्.

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. दांड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसावर आपटूनही आभाळातले एखाददोन कण माझ्याकडे परत येतात. काट्यावर तो फरक दिसत नाही. पण एवढी वर्षं मी ज्याला माझी शांतता समजत होतो, तिच्यात बाबा होते. आज ती पुन्हा पुरती भरली.

मोठ्या बाई काटा बघायला पुढे आल्या.

"जरा मागे व्हा, घडे," लोटी म्हणाली. मान न वळवता. मोठ्या बाई मागे झाल्या. दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मी जे थोडं बोलायचं ते बोललो.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला ओलीत टाकू नका. ते वेडंवाकडं बोलू लागलं तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा मध्ये पाणी ठेवून बघा, कदाचित ते खरं सांगत असेल. आणि तुम्ही कामात असताना मागे दांड्याच्या टोकाशी कुणी उभं असेल, तर अधूनमधून मान वळवून बघत जा. ते माणूस निघून गेल्यावर आवाजातला फरक कळतो, पण तेव्हा तो सांगायचा कुणाला?